पिल्लांवरची मरळ आणि ९:१६ ची चौकट

कॅमेऱ्याच्या मेनूत दोन प्रश्न लागोपाठ येतात. सेकंदाला किती फ्रेम? आणि चौकट कोणत्या आकाराची? २५, ५०, १००. ४:३, १६:९, ९:१६. बोट लावलं की झालं. यूट्यूबवर याची ट्युटोरियल ढिगाने पडलीत आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: सिनेमासारखं हवं तर हे घ्या, गुळगुळीत हवं तर ते घ्या, रीलसाठी कॅमेरा उभा धरा. म्हणजे हा आवडीचा प्रश्न झाला, भाजीत मीठ किती तसा. पाण्याखाली शूट करायला लागल्यापासून मला तो आवडीचा वाटेनासा झालाय. कोणाला काय दाखवणं आपण लागतो, असा काहीसा त्याचा आकार होतो, आणि त्याचं उत्तर मेनूत नसतं.

पाण्याखाली म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर निळा समुद्र, प्रवाळ, ऑक्सिजनची नळकांडी येतील. तसलं काही नाही. मी गडचिरोलीचा. आमच्याकडे समुद्र नाही, तलाव आहेत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात हजारो जुने तलाव आहेत. धानाला पाणी मिळावं म्हणून कित्येक पिढ्यांपूर्वी बांधलेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले, तेव्हापासून त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. बोलताना त्याचं झालं 'मामा तलाव'. सरकारी संक्षेपातून इतकं मायेचं नाव दुसरीकडे कुठे तयार झालं असेल असं मला वाटत नाही.

माझं शूटिंगही साधं आहे. एक जुना ॲक्शन कॅमेरा, एक बांबू, बुडाला बांधलेला दगड. पाण्यात गुडघाभर जायचं, बांबू रोवायचा आणि मागे येऊन पाळीवर बसायचं. मासे अर्ध्या तासात कॅमेरा विसरतात. बॅटरी तासाभरात संपते. मधली वीस-पंचवीस मिनिटं तुमची.

ज्या तलावाबद्दल लिहितोय त्याचं नाव सांगणार नाही. ब्रह्मपुरी आणि आरमोरी यांच्यामधून वैनगंगा जाते; तलाव नदीच्या कोणत्या बाजूला आहे तेही सांगणार नाही. का, ते पुढे येईलच.

तर काम असं होतं. एका संस्थेला तलावातल्या माशांवर छोटे व्हिडिओ हवे होते. फोनवर बघायचे, उभे, प्रत्येकी तीस सेकंदांचे. विषयांच्या यादीत वर होती मरळ. पावसाळ्यात मरळ वीण घालते. वेलींमध्ये जागा साफ करून अंडी सोडते आणि पिल्लं निघाली की नर-मादी त्यांच्यावर पहारा देतात. पिल्लं लालसर केशरी असतात. शेकड्यांनी एकत्र राहतात, एका चेंडूसारखी. मरळ हवेतला श्वास घेणारा मासा आहे. कल्ल्यांवर तिचं भागत नाही, तिला अधूनमधून वर यावंच लागतं. पिल्लंही येतात. आख्खा चेंडू वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावर एक चुळबुळ होते, पाऊस पडल्यासारखी, आणि चेंडू खाली जातो. ज्याला डोळा आहे त्याला पाळीवरून कळतं की इथे पिल्लं आहेत आणि त्यांच्या खाली, हाताच्या अंतरावर, आई किंवा बाप आहे. अशा वेळी मरळ जागा सोडत नाही. म्हणून ती मारायला सगळ्यांत सोपी असते. आणि ती मेली की पिल्लं दोन दिवसांत दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.

आता मेनू उघडा.

पहिला प्रश्न: किती फ्रेम. आधी हे सांगून टाकतो की यातला एकही आकडा निसर्गातून आलेला नाही. फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला तो हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर. सेकंदाला किती चित्रं, हे फिरवणाऱ्याच्या मनगटावर होतं. १९२० च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले, आवाज स्थिर वेगाने चालायला हवा होता, म्हणून २४ वर गाडी थांबली. २५ आला तो ५० हर्ट्झच्या विजेमुळे, ३० आला अमेरिकेतल्या ६० हर्ट्झमुळे. तुमच्या फोनवर जो ३० चा आकडा आपोआप बसलेला असतो तो अमेरिकेच्या वायरिंगचा वारसा आहे. मी २५ आणि १०० वापरतो, कारण १०० ने काढलेलं २५ वर चालवलं की बरोबर चारपट संथ होतं. हिशेब सोपा.

पण १०० ला किंमत आहे. २५ फ्रेमला प्रत्येक चित्राला साधारण पन्नासाव्या भागाचा सेकंद मिळतो, १०० ला दोनशेवा भाग. म्हणजे उजेड चौथा हिस्सा. ऑगस्टमधलं ढगाळ आभाळ, वर वेलींची सावली, पाणी चहाच्या रंगाचं, हात लांब केला तर पंजा दिसतो न दिसतो. त्यात चौथा हिस्सा उजेड. कॅमेरा मग चित्र ओढूनताणून उजळवतो आणि त्यात दाणे येतात. कॅमेऱ्याचा दाणा कोणता आणि तलावाचा गाळ कोणता, हे सांगता येईनासं होतं. माहिती वाढवायला गेलो आणि माहितीतच भेसळ झाली.

तरी मी पिल्लं १०० ला काढली आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २५ ला ती नुसती चुळबुळ दिसते. १०० ला दिसतं की प्रत्येक पिल्लू वेगळं वर येतं, तोंड बाहेर काढतं, एक घोट घेतं, वळतं. शेजारच्याला जागा देतं म्हणणं म्हणजे मी त्याच्या मनातलं बोलणं झालं, पण ते वळतं आणि दुसरं तिथे येतं, एवढं खरं. १८७८ साली मायब्रिजने कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याच्या वाटेवर ओळीने कॅमेरे लावले आणि चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात हे दाखवलं. शतकानुशतकं चित्रकार चौखूर घोडा पुढचे पाय पुढे, मागचे मागे असा पसरलेला काढत होते. डोळ्यासमोरून रोज घोडे जात होते आणि डोळ्याला दिसत नव्हतं. संथ करणं म्हणजे खोटं करणं, असं सरसकट म्हणता येत नाही ते यासाठी.

अडचण दुसऱ्या क्लिपपाशी आली. संस्थेला 'जाळ्यातला मासा' हवा होता. तेवढाच शब्द: जाळ्यातला मासा, स्लो मोशन. काढला. डब्यात बसेल एवढी मरळ, कल्ल्यामागे अडकलेली. २५ ला ती क्लिप बघवत नाही. सगळं धूसर, ओढ, झटका, पुन्हा झटका, पाण्यात गाळाचा ढग. तीच १०० ला काढून संथ केली तर शेपटी रेशमासारखी वळते, खवल्यांवरून उजेड सरकतो, जाळ्याचा धागा हलकेच लाटेसारखा जातो. खाली सतार लावली तर लग्नाच्या प्री-वेडिंगमध्ये खपेल.

ती मी एका मावशींना दाखवली. ढिवर समाजाच्या, साठीच्या पुढच्या. मासे विकण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून दोनदा पाहिलं आणि म्हणाल्या, "बाबू, मासा असा दमानं नाही मरत."

मग फोन परत दिला आणि शेंगदाणे फोडत बसल्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

माझा संपला नाही. दोन्ही क्लिप चारपट संथ. एक मला खरी वाटते आणि एक खोटी. फरक कुठे आहे? पहिलं उत्तर सुचलं ते असं: जे डोळ्याला दिसतच नाही ते संथ करून दाखवलं तर ठीक, जे डोळ्याला दिसतं आणि अंगावर येतं, ते गोड करायला संथ केलं तर खोटं. बरं वाटलं दोन दिवस. मग लक्षात आलं की जाळ्यातल्या माशाच्या बाबतीतही संथ केल्यावर नवीन काहीतरी दिसतंच. धागा कल्ल्याच्या नेमका कुठल्या भागात रुततो ते दिसतं. जाळं विणणाऱ्याला त्यात रस असेल. आणि पिल्लांची क्लिप बघणारा 'किती क्यूट' म्हणून पुढे जाईल, श्वासाबद्दल त्याला काही कळलेलं नसेल. म्हणजे रेघ क्लिपमध्ये ओढता येत नाही. ती बघणारा कोण आणि तो कशासाठी बघतोय, यातून जाते.

मधल्या काळात मला कोणीतरी सांगितलं की खरा वेळ असा काही नसतोच. २०१३ साली युरोपातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या प्राण्यांच्या डोळ्यांची तुलना केली होती. लुकलुकणारा दिवा किती वेगाने लुकलुकला की तो सलग वाटायला लागतो, हे माप. माणसाला सेकंदाला साठच्या आसपास. माशीला अडीचशेच्या घरात. समुद्रातल्या मोठ्या लेदरबॅक कासवाला पंधराएक. लहान चपळ जिवांना जग आपल्यापेक्षा संथ दिसत असावं, असा त्याचा अर्थ लावतात. वाचायला भारी आहे आणि चहाच्या टपरीवर टाळ्या मिळवून देतं. पण यावरून 'मग कोणताही वेग चालेल' असं म्हणणारा माणूस मला पटत नाही. मरळीचं घड्याळ कसं चालतं मला माहीत नाही. तिच्या मरणाचा व्हिडिओ मात्र माणसांना दाखवायचा आहे, माणसांच्या घड्याळात, आणि त्या माणसांनी तिला गळफास बसलेला पाहून सुस्कारा सोडावा की कौतुक करावं, हे मी आकडा निवडताना ठरवतोय. ही जबाबदारी माशीच्या डोळ्यावर ढकलता येत नाही.

तीच क्लिप २५ ला, चाळीस सेकंद, न कापता दिली. संस्थेने घेतली नाही. बघणारे पळून जातील, म्हणाले. तेही चूक नव्हते, पळाले असते. पैसे निम्मे मिळाले.

आता चौकट.

चौकटीच्या आकारांचा इतिहासही असाच योगायोगांचा आहे. १६:९ आज टीव्हीपासून लॅपटॉपपर्यंत सगळीकडे आहे. तो १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या तंत्रज्ञांनी तडजोड म्हणून काढला: जुन्या टीव्हीचं चौकोनी चित्र आणि सिनेमाचं लांबट चित्र, दोन्ही त्यात फार जागा वाया न जाता बसावीत. आणि उभ्या चित्राला नावं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की आयझेनस्टाइनने १९३० मध्येच हॉलीवूडला जाऊन तक्रार केली होती की सिनेमाने उभ्या रेषेला वाऱ्यावर सोडलंय. झाड उभं, माणूस उभा, चिमणी उभी, आणि पडदा आडवा. त्याला चौरस हवा होता, म्हणजे आडवं-उभं दोन्ही बसेल. कोणी ऐकलं नाही. फोनने ऐकलं, तेही वेगळ्याच कारणाने: फोन एका हातात उभा धरला जातो.

तलाव आडवा आहे. मासाही आडवा. माशाचं पोहणं डावीकडून उजवीकडे असतं, म्हणून पाण्याखाली सगळेच १६:९ घेतात. पण मरळीच्या पिल्लांची गोष्ट उभी आहे. खालून वर, हवेकडे, आणि परत खाली. उभ्या चौकटीत वर पाण्याची चमकती साल येते, खाली अंधार, मधे केशरी चेंडू जातो-येतो. इथे ९:१६ हीच नैसर्गिक चौकट आहे. उभा व्हिडिओ उथळ आणि आडवा गंभीर, असं म्हणणाऱ्या मंडळींनी एकदा श्वास घेणारा मासा काढून बघावा.

माझ्या जुन्या कॅमेऱ्यात जास्त फ्रेम हव्या असतील तर १६:९ च मिळतं. नवीन कॅमेऱ्यांत जवळजवळ चौरस सेन्सर येतात. आधी सगळं टिपा, नंतर हवं ते कापा. निर्णय पुढे ढकलायची ती सोय आहे, आणि चांगली सोय आहे, पण कापावं लागतंच. मी पिल्लं आडवी काढली आणि लॅपटॉपवर उभी कापायला बसलो. हिशेब तुम्हीही करू शकता. १६:९ मधून पूर्ण उंचीची ९:१६ ची पट्टी काढली तर मूळ चित्राच्या २५६ भागांपैकी ८१ उरतात. शंभरातले साधारण ३२. उरलेले ६८ गेले.

त्या ६८ मध्ये काय होतं?

डाव्या बाजूला, चेंडूपासून हातभर लांब, मोठी मरळ होती. गाळाच्या रंगाची, न हलणारी, फक्त कल्ले उघडझाप. पहिल्यांदा बघताना मलाही दिसली नव्हती. तिला काढलं की मधली पट्टी म्हणजे एकटी पडलेली केशरी पिल्लं. चित्र सुंदर, अर्थ उलटा. पहाऱ्याची गोष्ट अनाथांची होते. पट्टी डावीकडे सरकवता येते, मग मरळ आणि अर्धा चेंडू बसतो. तसं केलं. सुटला तो प्रश्न.

उजव्या बाजूला, कडेला, वेलींच्या मागे जाळ्याचा कोपरा होता.

बारीक डोळ्यांचं जाळं. करंगळी जाईल न जाईल असं. विणीच्या दिवसांत असं जाळं लावायचं नाही, असा त्या तलावावरच्या मच्छीमार संस्थेचा ठराव आहे. आमच्याकडे बऱ्याच तलावांचा मासेमारीचा ठेका अशा सहकारी संस्थांकडे असतो. काही गावांत २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेत. त्या कायद्यात जलाशयातल्या माशांवरचा हक्कही स्पष्ट लिहिलेला आहे. कागद कोणताही असो, पाळीवर बसून नियम करणारी माणसं गावचीच असतात आणि मोडणाराही गावचाच असतो.

मावशींना ती क्लिप मी मरळ दाखवायला म्हणून दाखवली. पूर्ण, आडवी. मरळ त्यांना पहिल्या सेकंदाला दिसली. मग त्यांनी उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. जाळ्यात एका ठिकाणी दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने रफू केलेलं होतं. मला तो पाण्यातला कचरा वाटला होता.

"हे कोनाचं आहे मले माहीत आहे," म्हणाल्या. नाव घेतलं नाही.

मी विचारलं, "मग काय करू, मावशी?"

त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरतोय. "संस्थेले पूर्न दाखव. फोनवाल्यायले अर्धं दाखव."

माझ्या शिकलेल्या डोक्याला हे आधी पटलं नाही. एक सत्य गावाला, एक जगाला? दोन तोंडांचं नाही का हे? आम्ही डॉक्युमेंटरीवाले म्हणवतो, तेव्हा पूर्ण चौकट दाखवणं हा आमचा धर्म असतो. कापणं म्हणजे लपवणं, लपवणं म्हणजे गुन्हेगाराला साथ. शिवाय त्या माणसाचं बारीक जाळं ही किरकोळ गोष्ट नव्हती. त्या चेंडूतली निम्मी पिल्लं त्या जाळ्यात जाऊ शकत होती. ती पिल्लं म्हणजे दोन वर्षांनंतरचा बाजार, आणि तो बाजार म्हणजे तीस-चाळीस घरांची मीठ-मिरची. बातमी होती ती.

पण पूर्ण चौकट फोनवर टाकली असती तर काय झालं असतं? तुम्ही बघितली असती. तुमच्यातल्या हजारातल्या नऊशे नव्याण्णवांना रफू दिसलं नसतं. एखाद्याला जाळं दिसलं असतं आणि त्याने खाली लिहिलं असतं की हेच लोक निसर्गाची वाट लावतात. 'हेच लोक' म्हणजे कोण, ते लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. गडचिरोली म्हटलं की बाहेरच्यांकडे दोनच चौकटी तयार असतात, बंदूक आणि धबधबा. तिसरी मिळाली असती: अडाणी मासेमार. आणि ज्याचं जाळं त्याला तिथे उत्तर द्यायला जागा नव्हती. त्याच्याकडे फोन आहे, रीलही बघतो. पण कॉमेंटमध्ये जाऊन 'जाळं माझं, कारण असं' म्हणणं ही काही उत्तर देण्याची जागा नव्हे.

संस्थेच्या बैठकीत ती जागा आहे. तिथे त्याला नावाने हाक मारतात, तो 'जी' म्हणतो, बसतो, बोलतो, भांडतो. तिथे बसलेल्यांचाच तोटा झालेला आहे आणि दंड किती लावायचा ते ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचं नाव तुम्ही ऐकलं असेल, २००९ साली देशात अगदी सुरुवातीला सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एकाचा जरी विरोध असला तरी बोलणं चालू राहतं. बाहेरच्या माणसाला हे फार कूर्मगतीचं वाटतं. कॅमेऱ्याच्या बाजूने बघितलं तर मला त्यात एक साधी गोष्ट दिसते: तिथे कोणी चौकटीबाहेर काढलेला नसतो. नावडता माणूसही समोर असतो.

म्हणून माझं मत मावशींच्या बाजूला झुकलं. ज्याला उत्तर देता येईल अशा जागी पूर्ण चौकट. जिथे देता येणार नाही तिथे कापलेली. तुम्ही म्हणाल, मग मोठ्या कंपनीचं सांडपाणी कडेला दिसलं तर तेही कापणार का? नाही. कंपनीकडे वकील आहेत, पत्रक काढणारी माणसं आहेत. ती कुठेही उत्तर देऊ शकते. चौकट जितकी रुंद तितकं चित्र प्रामाणिक, हा नियम मला आता बाळबोध वाटतो. पिल्लांवरची मरळ कापणं अप्रामाणिक होतं, जाळ्याचा कोपरा कापणं नव्हतं, आणि दोन्ही एकाच चित्राच्या दोन कडा होत्या.

आणि जागेचंही तसंच. तरुण पोरांना पाळ दिसायला हवी होती. पाण्याची रेघ मधोमध, खाली मासे, वर पाळीवरचं मोहाचं झाड आणि देऊळ, अशी अर्धी-अर्धी चौकट फार उठून दिसते. पर्यटक येतील, म्हणाले, होमस्टे करू. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. गावात काम नाही हे खरंच आहे. म्हाताऱ्यांना भीती होती की पर्यटकांच्या आधी गळ घेऊन शौकीन येतील. पिल्लांच्या चेंडूवर खोटा बेडूक टाकला की मरळ हमखास झडप घालते, हे शौकिनांना चांगलं ठाऊक असतं. मी पुठ्ठ्याच्या दोन खिडक्या कापून नेल्या होत्या, एक उभी, एक आडवी, आणि त्या डोळ्यासमोर धरून सगळ्यांनी पाळीवरून तलाव पाहिला. तंत्र समजावण्याचा हा सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे. आडव्या खिडकीत झाड आणि देऊळ दोन्ही यायचं, उभीत एकच. एका पोराने उभी खिडकी पाण्यावर धरून विचारलं, हे आपलं तळं आहे हे कोण ओळखेल? एक आजोबा म्हणाले, म्हणूनच. त्यावर तासभर वाद झाला आणि त्या दिवशी काही ठरलं नाही. ठरेपर्यंत मी देऊळ दाखवणार नाही, एवढंच माझ्यापुरतं.

एक गोष्ट राहिली, रंगाची. ती लवकर आटोपतो. सपाट काचेतून पाण्यात एक मीटरवरचा मासा पाऊण मीटरवर आहे असं दिसतं, मोठा दिसतो. म्हणजे पाणी मुळातच जसंच्या तसं दाखवत नाही. आमच्या तलावाचं पाणी पानांच्या अर्काने पिवळसर असतं. फिल्टर लावून ते निळं केलं की लाइक वाढतात. मामा तलावाला मालदीव करणाऱ्यांशी माझं भांडण आहे, आणि ते मी चालू ठेवणार.

पिल्लांची क्लिप तुमच्यापर्यंत आली असेल तर ती अशी आहे: उभी, तीस सेकंद, डावीकडे सरकवलेली, कोपऱ्यात लिहिलेलं 'चारपट संथ'. ते अक्षर ठेवायला संस्था तयार नव्हती, मजा जाते म्हणाले. मी ठेवलं. तुमच्याकडे चित्राचा एक तृतीयांशही आलेला नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे.

पूर्ण क्लिप बैठकीत लॅपटॉपवर चालवली. ज्याचं जाळं तो आला होता, मागे दाराशी बसला होता. चित्र संपल्यावर कोणी काही बोललं नाही. मग तोच म्हणाला, पुन्हा लाव. दुसऱ्यांदा बघताना तो पुढे सरकला, आणि जाळ्याकडे बघायचं सोडून पिल्लांकडे बघत राहिला. "हे सगडे हवा घ्याले येतेत?" त्याने विचारलं. हो म्हटलं. मग तो जाळ्याबद्दल बोलायला लागला. मोठ्या डोळ्यांचं जाळं त्या आठवड्यात बाजारात नव्हतं, होतं ते महाग होतं, आगाऊ रक्कम संस्थेने कबूल करून दिली नव्हती, आणि ठराव करताना त्याला बोलावलंच नव्हतं. सचिव म्हणाले, बोलावलं होतं. वही काढली गेली. सहीच्या रकान्यावरून आवाज चढले. मावशी भिंतीला टेकून ऐकत होत्या. लॅपटॉपची बॅटरी नऊ टक्क्यांवर आली होती, मी तो बंद केला; त्यांना तो आता लागत नव्हता.